रीलमधलं राजकारण कसं मोजायचं : विधानसभा २०२४ च्या प्रकल्प नोंदी

१५ ऑक्टोबर २०२४, मंगळवार

केंद्रीय निवडणूक आयोगाने वेळापत्रक जाहीर केलं. महाराष्ट्रात २८८ जागांसाठी २० नोव्हेंबरला एकाच टप्प्यात मतदान, २३ ला मोजणी, आचारसंहिता आजपासून. यूट्यूबने शॉर्ट्सची मर्यादा ६० सेकंदांवरून ३ मिनिटांवर नेली, तीही आजपासूनच. आमच्या कामाला दोन्ही तारखा सारख्याच महत्त्वाच्या आहेत.

प्रश्न दोन. या पाच आठवड्यांत रील आणि शॉर्ट्स बघणाऱ्याच्या हाती राजकारण कोणत्या रूपात पडतं? आणि त्या बघण्यानंतर माणसाला कसं वाटतं?

पक्षांच्या आणि उमेदवारांच्या खात्यांवरचे रील उतरवून घ्यायचे आणि त्यांची वर्गवारी करायची, हा सोपा रस्ता आहे. तो घेत नाही. बघणारा त्या खात्यावर जातच नाही. त्याच्यासमोर आधी पाककृती येते, मग भजन, मग एखादी शिवीगाळ, मग बाळाचा व्हिडिओ, मग सभेतलं वाक्य. टिकटॉक २९ जून २०२० ला भारतात बंद झालं. ८ जुलैला इन्स्टाग्रामने रील्स आणले, सप्टेंबरमध्ये यूट्यूबने शॉर्ट्स. तोवर वेगळं ॲप उघडून बघायची गोष्ट ओळखीच्यांच्या फोटोंच्या आणि बातम्यांच्या शेजारी येऊन बसली. म्हणून मोजमापाचं एकक रील नाही, बैठक. बैठक म्हणजे ॲप उघडल्यापासून ठेवेपर्यंत एकापाठोपाठ बघितलेलं सगळं, त्याच क्रमाने.

१७ ऑक्टोबर

बाहेरून माहिती मिळवण्याचे मार्ग अरुंद झाले आहेत. इन्स्टाग्रामची मालक कंपनी मेटाने क्राउडटँगल, म्हणजे कोणती पोस्ट किती पसरते हे बघायचं साधन, १४ ऑगस्टला बंद केलं. त्याजागी आलेली कंटेंट लायब्ररी संशोधन संस्थांना अर्ज करून मिळते, आणि तिच्यात पोस्ट दिसते, कोणाला कधी दाखवली ते दिसत नाही. त्यामुळे प्रकल्पात सहभागी झालेली माणसं स्वतःच्या खात्याची माहिती स्वतः उतरवून देणार. पद्धत अशी:

इन्स्टाग्राम : अकाउंट्स सेंटरमध्ये जाऊन ‘माहिती डाउनलोड करा’. ‘सगळी’ न निवडता ‘काही’ निवडायची. संदेश, फोटो, संपर्क यांवरच्या खुणा काढायच्या. फक्त बघितलेले व्हिडिओ, बघितलेल्या पोस्ट आणि लाइक ठेवायचे. प्रकार जेसन, म्हणजे यंत्राला मोजता येईल अशी मांडणी. बघितल्याचा इतिहास अलीकडच्या थोड्याच दिवसांचा मिळतो, म्हणून दर रविवारी नवी मागणी. महिन्याच्या शेवटी एकदाच मागवलं तर सुरुवातीचे आठवडे हाती लागत नाहीत.

यूट्यूब : गूगल टेकआउट, म्हणजे गूगलवरची स्वतःची माहिती उतरवून घ्यायची सोय. सगळ्या सेवांवर आधीच खुणा असतात, त्या काढून फक्त यूट्यूब, त्यातही फक्त इतिहास. मूळ प्रकार एचटीएमएल असतो, तो बदलून जेसन. हे विसरलं जातं आणि मग फाइल डोळ्यांनी वाचता येते, पण मोजता येत नाही.

फाइल सहभागीच्याच लॅपटॉपवर उघडायची. आमच्याकडे फक्त व्हिडिओची लिंक, वेळ आणि क्रम येणार. मित्रांची नावं, टिप्पण्या, शोधलेले शब्द तिथेच गाळायचे. कोणाच्या शोधइतिहासात काय असेल सांगता येत नाही, आणि ते बघायचा आम्हाला अधिकार नाही.

१९ ऑक्टोबर

फाइली उघडल्यावर हमखास दोन अडचणी येतात.

पहिली, मराठी मजकुराचा चुथडा. यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात. मेटाच्या जेसनमध्ये हे तीन बाइट तीन सुट्या लॅटिन अक्षरांसारखे लिहिलेले असतात, म्हणून ‘मत’ या दोन अक्षरांची सहा निरर्थक चिन्हं दिसतात. फाइल बिघडलेली नसते. मजकूर आधी लॅटिन-१ या दुसऱ्या पद्धतीने बाइटमध्ये बदलायचा आणि मग यूटीएफ-८ म्हणून वाचायचा, की अक्षरं जागेवर येतात. हे जेसन वाचून झाल्यावर, एकेका मजकुरावर करायचं. पूर्ण फाइलवर आधीच केलं तर काहीच बदलत नाही.

दुसरी, वेळ. टेकआउटमधली वेळ जागतिक प्रमाणवेळ असते. ५ तास ३० मिनिटं मिळवली नाहीत तर रात्री बारा ते पहाटे साडेपाचचं सगळं बघणं आदल्या तारखेला जाऊन पडतं. अंथरुणात पडून बघण्याचा काळ नेमका हाच. १८ ते २० नोव्हेंबरच्या प्रचारबंदीचे तास मोजताना ही गल्लत सगळं उलटंपालटं करेल.

२२ ऑक्टोबर

टेकआउटमध्ये शॉर्ट कोणता आणि पूर्ण व्हिडिओ कोणता हे लिहिलेलं नसतं. दोन्हींची लिंक सारखीच. तपासायचे दोन मार्ग : व्हिडिओचा क्रमांक शॉर्ट्सच्या पत्त्यात टाकून बघायचा, शॉर्ट नसेल तर पान आपोआप नेहमीच्या पत्त्यावर जातं. किंवा लांबी बघायची. १५ ऑक्टोबरपूर्वी चढवलेल्यासाठी ६० सेकंद, त्यानंतरच्यासाठी ३ मिनिटं आणि शिवाय चौरस किंवा उभी चौकट. फक्त लांबीवर विसंबलं तर सभेचा दोन मिनिटांचा आडवा तुकडाही शॉर्टमध्ये मोजला जातो.

किती वेळ बघितलं हेही फाइलमध्ये नसतं. लागोपाठच्या दोन नोंदींमधलं अंतर ही फक्त वरची मर्यादा. शॉर्ट ३ मिनिटांचा आणि शिफारशीत येणारे रील बहुतेक ९० सेकंदांच्या आतले, म्हणून ५ मिनिटांहून मोठा खंड पडला की बैठक संपली असं धरायचं. अर्ध्या तासाचा खंड धरण्याची जुनी सवय संगणकावरच्या वाचनासाठी ठीक होती. इथे तिने स्वयंपाक, अंघोळ आणि बसची वाट एकाच बैठकीत जातात.

२७ ऑक्टोबर, रविवार

पहिली स्वास्थ्य प्रश्नावली आजच भरून घेतली. जागतिक आरोग्य संघटनेची डब्ल्यूएचओ-५ वापरतो : पाच वाक्यं, प्रत्येकाला ० ते ५, बेरीज गुणिले ४, म्हणजे ० ते १००. ती मागच्या दोन आठवड्यांबद्दल विचारते, त्यामुळे तारीख निवडताना सणवार बघावेच लागतात. १३ ते २७ ऑक्टोबर ही खिडकी दसऱ्यानंतरची आणि वसुबारसेच्या आधीची. दुसरी २० नोव्हेंबरला, म्हणजे ६ तारखेपासूनची. भाऊबीज ३ लाच झालेली असेल. तिसरी ८ डिसेंबरला. दिवाळीत घरी आलेल्या माणसाचा आनंद रीलच्या खात्यावर जमा व्हायला नको.

५० किंवा त्याखालचा आकडा आला तर स्वास्थ्य कमी, २८ किंवा त्याखाली आला तर नैराश्याची नीट तपासणी हवी. असा आकडा येताच त्याच दिवशी खासगीत बोलायचं, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक द्यायचा, आणि त्या व्यक्तीला प्रकल्पातून बाहेर पडायचं असेल तर कारण न विचारता मोकळं करायचं. हा नियम वहीच्या पहिल्या पानावर. अभ्यासापेक्षा माणूस आधी.

३ नोव्हेंबर, भाऊबीज

ओवाळणीचे रील. ‘राजकीय’ हा रकाना आज मोडला.

लाडकी बहीण योजनेत जुलै ते नोव्हेंबरचे पाच हप्ते, म्हणजे ७५०० रुपये, दिवाळीआधीच खात्यांत गेले आहेत. ताट, निरांजन, भाऊ, मागे गाणं, आणि पडद्यावर एक ओळ योजनेची. पक्षाचं नाव नाही, चिन्ह नाही, मत मागितलेलं नाही. खात्यांवरून गोळा केलं असतं तर हे राजकारण म्हणून हाती लागलंच नसतं. रकाना आता तीन पायऱ्यांचा : उघड प्रचार, सरकारी योजना किंवा सार्वजनिक प्रश्न, आणि दुसऱ्या विषयात मिसळलेलं राजकारण. तिसऱ्या पायरीवरच सगळ्यात जास्त लक्ष द्यायला हवं, कारण तिथे बघणारा सावध नसतो.

६ नोव्हेंबर

कोडिंगची, म्हणजे रील बघून रकाने भरण्याची, पद्धत ठरली. प्रत्येक रील तीनदा बघायचा : आवाज बंद करून, पडदा झाकून फक्त ऐकून, मग दोन्ही मिळून. चित्र, आवाज, पडद्यावरचा मजकूर आणि खालची ओळ यांचे रकाने वेगळे. चित्र कांद्याच्या ढिगाचं, आवाज नेत्याचा जुना, मजकूर तिसऱ्याच दाव्याचा, असं वारंवार दिसतं. एकदाच बघून मत नोंदवलं की आवाज बाकी सगळ्यावर मात करतो.

दोन कोडर स्वतंत्रपणे काम करतात. जुळणी क्रिपेनडॉर्फच्या अल्फाने, म्हणजे दोघांच्या नोंदी योगायोगापलीकडे किती जुळतात या आकड्याने, मोजायची : ०.८० च्या वर भरवशाची, ०.६६७ ते ०.८० तात्पुरती, त्याखाली रकान्याची व्याख्याच बदलायची. ‘भाव : राग’ या रकान्यावर मतभेद होतात, कारण ग्रामीण भाषणशैलीतला चढा आवाज शहरी कानाला राग वाटतो. व्याख्या बदलली : कोणाला तरी दोषी ठरवलं आहे का, आणि त्याला शिक्षा व्हावी असं सुचवलं आहे का. मग पट्टी आवाजाच्या चढउतारावर अवलंबून राहत नाही.

यंत्रांबद्दल. एफएफएमपेग या साधनाने व्हिडिओतून सेकंदाला दोन चौकटी काढा; एकच काढली तर झटपट बदलणाऱ्या ओळी निसटतात. चित्रातला मजकूर ओळखणाऱ्या टेसरॅक्टचं मराठी मॉडेल छापील अक्षर वाचतं, पण सुलेखनाच्या धाटणीतली जोडाक्षरं आणि रंगीत कडा असलेली अक्षरं त्याला झेपत नाहीत. व्हिस्पर बोललेलं मराठी लिहून देतं. मागे डीजे वाजत असेल तर न बोललेली वाक्यंही लिहितं, वऱ्हाडी आणि अहिराणीची तर पार मोडतोड करतं. या उताऱ्यांचा उपयोग शोधण्यापुरता. नोंद माणसाने ऐकूनच.

कोडरसाठी : ४५ मिनिटं काम, १५ मिनिटं फोन आणि पडद्यापासून दूर. हिंसेचे व्हिडिओ कृष्णधवल, लहान चौकटीत, आधी आवाज बंद. सूर्यास्तानंतर कोडिंग नाही.

१० नोव्हेंबर

घोषणांचा आठवडा. ६ तारखेला वाशीममध्ये योगी आदित्यनाथांनी ‘बटेंगे तो कटेंगे’ म्हटलं, ८ तारखेला धुळ्यात नरेंद्र मोदींनी ‘एक हैं तो सेफ हैं’. विरोधकांकडून ‘पन्नास खोके, एकदम ओके’ अजून फिरतं आहे, २०२२ च्या पावसाळी अधिवेशनात विधानभवनाच्या पायऱ्यांवर दिलेलं. तिन्हींची बांधणी एकच : दोन अर्ध, यमक किंवा नाद, तीन सेकंदांच्या आत पूर्ण, आणि शेवटावरून पुन्हा सुरुवातीला सहज जाणारी. रील आपोआप पुन्हा सुरू होतो, त्यामुळे अशी घोषणा एका बघण्यात तीन-चारदा कानावर पडते. अजित पवारांनी महायुतीत असूनही पहिल्या घोषणेला उघड विरोध केला. ही बातमी समजायला युतीची मांडणी माहीत असावी लागते. ती तीन सेकंदांत मावत नाही.

लांबी हेच कारण आहे असं मात्र म्हणता येणार नाही. लाडकी बहीण घ्या. महायुती १५०० चे २१०० करणार म्हणते, महाविकास आघाडी महालक्ष्मी योजनेत ३००० देणार म्हणते. अर्थसंकल्पात या योजनेला वर्षाला ४६,००० कोटी धरले आहेत. तेवढ्याच बहिणींना २१०० दिले तर ६४,४०० कोटी, ३००० दिले तर ९२,००० कोटी. हा हिशेब बोलायला वीस सेकंद पुरतात. रीलमध्ये तो आरामात बसतो, तरी बैठकांत सापडत नाही. त्याला चेहरा नाही, खलनायक नाही, आणि पहिल्या दोन सेकंदांत अंगठा थांबवेल असं काही नाही. शिफारशीचं गणित थांबलेला अंगठा मोजतं. राजकीय चर्चेची जी हानी होते ती इथे होते : खोटं येतं त्याहून जास्त, हिशेब गळतो.

१३ नोव्हेंबर

मनःस्थितीच्या भागाकडे. दिवसाअखेर ‘आज रील बघून कसं वाटलं’ विचारण्यात अर्थ नाही. तोवर बैठकांची सरमिसळ झालेली असते. प्रश्न बैठक संपल्यावर दहा मिनिटांच्या आत यायला हवेत आणि तीनच हवेत : आता कसं वाटतंय (१ ते ७), काय करायला फोन घेतला होता, शेवटचे तीन व्हिडिओ आठवतात का. तिसरा प्रश्न सगळ्यात कामाचा आहे. त्याचं उत्तर फाइलशी ताडून बघता येतं. दुसराही पोकळ नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, कामाच्या मध्ये टिकटॉक बघितलेल्यांची ‘नंतर हे करायचं आहे’ ही आठवण घसरली होती. ट्विटर किंवा यूट्यूबचे लांब व्हिडिओ बघितलेल्यांची तशी घसरली नाही.

मिनिटांपेक्षा सरकवणं मोजा, असा आमचा आग्रह आहे. टॅम आणि इन्झ्लिक्ट यांच्या २०२४ च्या प्रयोगांत, कंटाळा टाळायला लोक एका व्हिडिओवरून दुसऱ्यावर उड्या मारत होते आणि त्यानेच जास्त कंटाळत होते. एकाच तासात वीस व्हिडिओ पूर्ण बघणं आणि दोनशे अर्धवट सोडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फोनमधला ‘स्क्रीन टाइम’ दोन्हींना एकच आकडा देतो. म्हणून प्रत्येक बैठकीला सरकवण्याचा वेग लिहायचा : नोंदी भागिले मिनिटं.

१८ नोव्हेंबर, सायंकाळी ६ नंतर

जाहीर प्रचार संपला. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ च्या कलम १२६ नुसार मतदान संपण्याआधीचे ४८ तास प्रचारबंदी.

रील सरळ कालक्रमाने येत नाहीत. १० तारखेला चढवलेला प्रचार १९ तारखेच्या रात्री पहिल्यांदा समोर येऊ शकतो, आणि चढवणाऱ्याने त्या रात्री काहीच केलेलं नसतं. कायद्याला प्रदर्शन दिसतं; इथे प्रदर्शनाची वेळ कंपनीचं गणित ठरवतं. म्हणून प्रत्येक नोंदीला दोन वेळा हव्यात : चढवल्याची आणि बघितल्याची.

इन्स्टाग्रामवर चढवल्याची वेळ लिंकमध्येच दडलेली असते. लिंकमधली अकरा अक्षरं म्हणजे ६४ चिन्हांच्या पद्धतीत लिहिलेला एक मोठा क्रमांक. तो साध्या आकड्यात उलगडायचा, २३ बिट उजवीकडे सरकवायचे, राहिलेल्यात १३१४२२००२१७२१ मिळवायचे. उत्तर १९७० पासूनच्या मिलिसेकंदांत येतं. क्रमांक ६४ बिटांचा असतो; एक्सेलमध्ये टाकलात तर पंधरा अंकांपुढचं शून्य होतं आणि क्रमांक मूळचा राहत नाही. पायथन या संगणकभाषेत करा, आणि दर गठ्ठ्यातले काही रील उघडून दिसणारी तारीख ताडून बघा.

आणखी एक भोक. आयोगाच्या २५ ऑक्टोबर २०१३ च्या सूचनांनुसार समाजमाध्यमांवरच्या राजकीय जाहिरातीला पूर्वप्रमाणपत्र लागतं, आणि मजकूर बनवण्याचा, माणसांच्या पगाराचा खर्चही उमेदवाराच्या हिशेबात धरायचा असतो. विधानसभेला ही मर्यादा ४० लाख. पण स्वतःच्या खात्यावर टाकलेला साधा व्हिडिओ जाहिरात मानला जात नाही. मानधन घेऊन एखाद्या लोकप्रिय चेहऱ्याने आपल्याच खात्यावर टाकलेला रील मेटाच्या जाहिरात संग्रहातही येत नाही. असा रील ओळखायची खात्रीची खूण नाही. त्यामुळे रकान्यात ‘पैसे घेतले’ असं कधीही लिहायचं नाही. ‘एकच वाक्यरचना, एकच दिवस, अनेक खाती’ एवढंच लिहायचं.

२१ नोव्हेंबर

१९ तारखेला, प्रचारबंदी सुरू असताना, निवडणुकीत बिटकॉइनचा पैसा वापरल्याच्या आरोपासोबत सुप्रिया सुळे आणि नाना पटोले यांच्या म्हणून सांगितलेल्या ध्वनिफिती पसरल्या. सुळे यांनी तो आवाज आपला नाही म्हणत निवडणूक आयोगाकडे आणि सायबर पोलिसांकडे तक्रार केली. ‘बूम’ या तथ्यतपासणी संस्थेने तपासून त्यातल्या काही फिती कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेल्या असल्याचं म्हटलं.

पद्धतीसाठी यातून चार गोष्टी. फितीचा रील होतो तेव्हा नेत्याचा स्थिर फोटो आणि हलणारी ध्वनिरेषा एवढंच चित्र असतं, म्हणजे ओठ जुळतात का हे तपासायची सोयच उरत नाही. व्हॉट्सॲपवरून फिरलेली फीत पुन्हा आवळली जाते, रीलमध्ये तिच्यामागे संगीत येतं, आणि तपासणी साधनांचा आकडा दोन्हींनी डळमळतो. म्हणून मिळेल ती सर्वांत जुनी प्रत आणि तिचा एसएचए-२५६ ठसा, म्हणजे फाइल बदलली की बदलणारा आकडा, जपायचा. तपासणीसाठी डीपफेक्स ॲनॅलिसिस युनिट या बनावट फिती तपासणाऱ्या गटाच्या व्हॉट्सॲप क्रमांकावर पाठवायचं, आमच्या गटात पुढे ढकलायचं नाही. आणि इन्कार वेगळा रील म्हणून फिरतो. आरोप बघितलेल्याच्या बैठकीत तो येईलच असं नाही, म्हणून आरोप आणि इन्कार ही जोडी एकाच माणसाच्या इतिहासात शोधायची.

बनावट चित्रफीत कळवल्यापासून ३ तासांत काढा, असं आयोगाने ६ मे २०२४ ला पक्षांना बजावलं होतं. मतदानाच्या आदल्या रात्री तीन तास खूप असतात.

२४ नोव्हेंबर

काल निकाल. आज कोडिंग नाही. निकालाच्या रात्रीच्या बैठका वेगळ्या ठेवायच्या, सरासरीत मिळवायच्या नाहीत.

८ डिसेंबर

तिसरी प्रश्नावली आणि उपायांच्या नोंदी.

वेळमर्यादा का टिकत नाही : अँड्रॉइडचा टायमर ॲपची खूण करडी करतो, पण तेच पान ब्राउझरमध्ये उघडतं. आयफोनवर ‘आजचा दिवस दुर्लक्ष करा’ हा पर्याय समोरच असतो. इन्स्टाग्रामची आठवण बाजूला सारता येते. ‘फॉलोइंग’ची कालक्रमी यादी निवडली तरी रीलचा टॅब जसाच्या तसा राहतो. यूट्यूबवर बघण्याचा इतिहास पुसून बंद केला की मुख्य पानावरच्या शिफारशी थांबतात. आमच्या यादीत हा उपाय सगळ्यात वर आहे. कृष्णधवल पडदा रात्री उपयोगी, दिवसा नाही, कारण दिवसा फोटो आणि नकाशे बघायला रंग परत लावले जातात.

पूर्ण बंद करण्याचा सल्ला सरसकट देत नाही. २०१८ च्या अमेरिकी निवडणुकीआधी चार आठवडे फेसबुक बंद ठेवलेल्यांचं स्वास्थ्य थोडं सुधारलं, राजकीय दुरावा कमी झाला, दिवसाला तासभर मोकळा झाला, पण बातम्यांची माहितीही घटली. आणि २०२० मध्ये अनेकांची यादी तीन महिने कालक्रमी केली, तेव्हा वेळ घटला, मतं मात्र हलली नाहीत. ज्या घरात वर्तमानपत्र येत नाही तिथे रील काढून घेतला तर त्याजागी काय येणार हे आधी ठरवावं लागतं.

स्वास्थ्याचा फरक १० गुणांपेक्षा कमी असेल तर बदल म्हणून मांडायचा नाही. तुलना गट नाही, त्यामुळे ‘रीलमुळे’ हा शब्द अहवालात कुठेही येणार नाही.

१५ डिसेंबर

प्रत्येक सहभागीला त्याचा कागद परत. त्यावर एकाच बैठकीचा क्रम उभा छापलेला : वेळ, व्हिडिओचा विषय, तीनपैकी राजकारणाची पायरी, सरकवण्याचा वेग, आणि त्यांनीच तेव्हा दिलेला १ ते ७ चा आकडा. निष्कर्ष लिहिलेला नाही. पाककृती, भजन, शिवीगाळ, बाळ, सभा हा क्रम कागदावर सरळ वाचला की लोक स्वतःच प्रश्न विचारतात, आणि बहुतेकांचा पहिला प्रश्न ‘हे मी कधी निवडलं?’ असा असतो.

पुढच्या फेरीसाठी कामं : तुलना गट, आरोप-इन्कार जोड्यांची वेगळी सारणी, वऱ्हाडी आणि अहिराणी ऐकणारे कोडर. मूळ फाइली ३१ डिसेंबरला सहभागींसमोर पुसायच्या. राहणार फक्त लिंक, दोन वेळा आणि क्रम.